चौदा नंबरचा तुरा

खंडेनवमीच्या सकाळी हंसाबाईनं पाटावर आऱ्या मांडल्या, रापी मांडली, दाभणं मांडली, मेणाचा गोळा मांडला, आणि थोरल्या लेकाकडे न बघताच म्हटलं, "त्या बाईला सांग, हात धुऊन ये म्हणावं. आणि धुतले तरी कशाला लावायचे नाहीत."

"आई, ती अजून आलीच नाही," विलास म्हणाला.

"येणार आहे ना? मग आत्तापासून पाठ कर. ऐन वेळी तुझी बोबडी वळते."

विलासनं बायकोकडे पाहिलं. विनया झेंडूची माळ ओवत होती. तिनं मान वर केली नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती की सासू आणि नवरा यांच्या मधल्या जागेत मान घालायची नसते, मानेला झटका बसतो.

एरवी विलास आचोळ्याहून यायचा तो दसऱ्याला. संध्याकाळी सोनं द्यायचं, आईच्या पाया पडायचं, आणि शेवटच्या एसटीच्या आधी परत. या खेपेला तो आदल्या दिवशीच उजाडला, तोही बायकोला घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन. पेढे पाहिल्याबरोबर हंसाबाईनं ओळखलं होतं. या घरात पेढे घेऊन येतो तो काहीतरी घेऊन जायलाच येतो.

न्यायची होती ती पुस्तकं.

तीन पुस्तकं होती. थोरलं, मधलं, धाकटं. हंसाबाईचे सासरे, आप्पा, मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, एका इंग्रजाच्या खोगिरांच्या दुकानात शिवणकामाला होते. साहेब दुकान मोडून विलायतेला निघाला तेव्हा कारागिरांना म्हणाला, हवं ते न्या. कुणी खुर्ची नेली, कुणी भिंतीवरचं घड्याळ नेलं. आप्पांनी ही तीन पुस्तकं डोक्यावर घेतली आणि आगाशीला आले. तिकडच्या कारखान्यांनी आपला माल दाखवायला छापलेली पुस्तकं ती. पानापानावर खोगिरं, लगाम, रिकिबी, झापडं, तंग. चित्राखाली आकडा आणि आकड्याखाली मुंगीच्या पायाएवढं इंग्रजी. इंग्रजी तेव्हा घरात कुणाला येत नव्हतं, पुढेही कुणी ते वाचायला गेलं नाही; आकडे सगळ्यांना येत होते. त्यावरच आप्पांचं आगाशीचं साजाचं दुकान चाललं. निर्मळचा टांगेवाला असो की विरारचा, साज मागायचा तो आकड्यानं. "बावीसची झापडं द्या." "सातचा लगाम तुटला." चित्रातली नक्षी आरीनं टोचून खालच्या कागदावर उतरवायची, मग मोठी करून चामड्यावर घ्यायची. त्यामुळे पान उजेडात धरलं की चांदण्या दिसायच्या.

आणि दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर पुस्तकंही पाटावर. त्यांनाही हळद, त्यांनाही कुंकू. पुढचं काम ज्या पानाचं असेल ते पान उघडं ठेवायचं, म्हणजे देवीची नजर आधी त्या कामावर पडते. एकदा पाटावर मांडलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. आप्पांचा आणखी एक नियम होता, घरातल्या सुनांनी पुस्तकाला कधीच शिवायचं नाही. तो नियम नवरा गेल्यावर हंसाबाईनं मोडला, पण स्वतःपुरता. विनयाला तो अजून लागू होता.

"आई," विलासनं पुन्हा सुरुवात केली, "म्युझियममध्ये राहतील ती. काचेच्या कपाटात. खाली आप्पांचं नाव लागेल. इथं काय होणार? वाळवी."

"वाळवीची काय टाप आहे? मी बसलेय ना इथं."

"तेच तर. किती दिवस बसणार आहेस? गुडघे बघ तुझे. टांगे गेले. एक तो बस्त्याव उरलाय, तोही आज ना उद्या घोडी विकेल. आचोळ्याला तुझ्यासाठी खोली रिकामी ठेवलीय आम्ही. गॅलरी आहे."

"गॅलरीतून काय दिसतं?"

"समोरची बिल्डिंग."

"आणि समोरच्या बिल्डिंगीतून?"

"आपली."

"बघ. आणि आम्हाला म्हणतोस, इथं बसून काय करतेस."

विनयाला हसू आलं. तिनं ते झेंडूत घातलं. हंसाबाईनं ते टिपलं. तिला सगळं कळत होतं. पुस्तकं गेली की दुकान आपोआप बंद, दुकान बंद की आई आपोआप आचोळ्याला, असा लेकाचा सरळ हिशेब. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर तिनं एका वाक्यात वाटेला लावला असता. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायला ताकद जास्त लागते.

बाहेर रिक्षा थांबली. धाकट्या परेशची. ज्या रिक्षांनी टांगे खाल्ले त्यांतलीच एक आपल्या दाराशी उभी राहते, हे हंसाबाईला गेली कित्येक वर्षं सलत होतं. पण घरातले डाळ-तांदूळही त्याच रिक्षेतून यायचे, म्हणून ती बोलायची ते फक्त रिक्षेला, परेशला नाही. बायको सोडून गेल्यापासून परेश आईजवळच राहायचा. दुकानाच्या जागेत एसटीडी बूथ टाकायचं त्याच्या मनात होतं, आणि म्हणून या खेपेला तो थोरल्याच्या बाजूनं होता. म्हणजे विलास, परेश आणि विनया एका अंगाला, हंसाबाई एका अंगाला. तिला ते विषम वाटत नव्हतं.

रिक्षेतून एक तिशीची बाई उतरली. सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला झोळी. तिनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, बाजूच्या बादलीतून पाणी घेऊन न सांगता हात धुतले, आणि मग आत आली. हंसाबाईला हे आवडलं, म्हणून तिनं आवाज आणखी चढवला.

"नाव काय गं तुझं?"

"हिना."

"कुठली?"

"भायखळ्याची, आंटी. माझे आजोबा रेसकोर्सवर घोड्यांना नाल ठोकायचे."

"मग तुला कळायला हवं. ठोकणाऱ्याची हातोडी कुणी विकत मागितली असती तर त्यांनी काय केलं असतं?"

"हातोडी फेकून मारली असती," हिना म्हणाली.

हंसाबाईनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बस. विनया, चहा टाक. आणि सुकेळी काढ, निर्मळची वाळवलेली केळी आहेत ती, कालच आली."

हिना पाटासमोर मांडी घालून बसली. हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या मुलीसारखी ती पुस्तकांवर वाकली, आणि तिच्या तोंडून "या अल्लाह" असं निघून गेलं. थोरल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर होते. उघड्या पानावरही दोन बोटं ओढलेली होती, जुन्या पुसट बोटांवर ताजी.

"हे दरवर्षी लावता?"

"दरवर्षी. का? देवाला पण विचारून लावायचं?"

"नाही, नाही." हिनानं विलासकडे पाहिलं. "सर, तुम्ही फोनवर बोलला नव्हता. पण चालेल. मॅनेज होईल. जी पानं साफ आहेत ती तशीच लावू. ज्यांना डाग आहे ती कापताना जरा आतून घेऊ, वरून जाड कागदाची चौकट बसली की डाग दिसत नाही."

चहाचं आधण ठेवून विनया दारात आली होती. ती तिथंच थांबली.

"कापताना?" हंसाबाई म्हणाली.

"पानं, आंटी. एकेक पान फ्रेम करायचं आहे. एक क्लब आहे मुंबईला, त्यांना जेवायच्या हॉलमध्ये घोड्याची जुनी चित्रं पाहिजेत. पूर्ण भिंत."

परेश दाराच्या चौकटीला टेकून रिक्षेची किल्ली फिरवत होता, ती थांबली.

"तुम्ही तर म्युझियम म्हणालात," विनया म्हणाली. ती सासूच्या वतीनं बोलत नव्हती. स्वतःच्या वतीनं बोलत होती. "मला पण म्युझियमच सांगितलंत."

"अगं, म्हणजे... तसंच. लोक बघणारच ना."

"जेवता जेवता," हंसाबाई म्हणाली. "माशाचे काटे थुंकता थुंकता."

हिना गोंधळली. "मी सरांना स्पष्ट सांगितलं होतं, आंटी. मी खोटं बोलून माल घेत नाही."

"तुला कोण बोललं? तू बस. खोटं या घरातलंच आहे, बाहेरून आलेलं नाही." हंसाबाईनं पदर खोचला. "विलास, तुझ्या बापानं एक गोष्ट धड शिकवली नाही तुला. खोटं बोलायचं तर बायकोला तरी खरं सांगायचं. म्हणजे एक माणूस तरी बाजूनं राहतं."

विलासचे कान लाल झाले. तो काही बोलणार तेवढ्यात बाहेर घोडीचे खूर वाजले आणि "हंसाबाय, हाय का घरात?" अशी हाक आली.

सेबॅस्टियन. निर्मळ ते आगाशी टांगा हाकणारा शेवटचा माणूस. सगळे त्याला बस्त्याव म्हणत, फादर सुद्धा. खंडेनवमीला तो नेमानं यायचा. घोडीला झेंडूची माळ घालून घ्यायचा, सुकेळी खायचा आणि हंसाबाईच्या चार शिव्या खायचा. यंदा मात्र तो कामानं आला होता. टांग्यात आता माणूस चढत नव्हतं, म्हणून त्यानं टांगा विकून घोडी तेवढी ठेवली होती. तुळशीच्या लग्नानंतर घोडीला वरातींना लावायची, असं त्यानं ठरवलं होतं, आणि त्यासाठी हंसाबाईला साज सांगितला होता. नवा कोरा, आख्खा. चौदा नंबर.

चौदा नंबर म्हणजे साजांचा राजा. घोडीच्या दोन कानांमध्ये पिसांचा उंच तुरा, कपाळावर नक्षीचा पट्टा, आणि पाठीवरून गुडघ्यापर्यंत लोंबणारी मखमलीची झूल. पुस्तकात तो काळा होता, पण पुस्तकात सगळंच काळं होतं. आप्पांनी तुरा लाल केला, झूल हिरवी केली, कडेला जर लावली. पहिली वरात निघाली तशी दुसऱ्याला हवाच झाला, आणि मग एक काळ असा आला की चौदा नंबरशिवाय नवरदेव घोडीवर चढायलाच तयार नव्हते. आज पाटावर उघडं होतं ते हेच पान. दुकानाला पुष्कळ दिवसांत आलेलं हे पहिलं मोठं काम होतं, आणि हे काम झालं तर पुढच्या वराती बघणारे लोक आणखी काम आणतील, एवढा एकच धागा हंसाबाईच्या हातात होता. तो तिनं दातात धरून ठेवला होता.

"ये रे बस्त्याव. बघ, तुझंच पान उघडलंय."

बस्त्यावनं टोपी काढून पाटाला नमस्कार केला. "माज्या पानावर कुंकू जरा जास्ती लावा, बाय. घोडी म्हातारी हाय."

हिना त्या पानावर अधिकच वाकली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचताना तिचे ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

"आंटी, हा साज कशासाठी बनवता तुम्ही?"

"वरातीसाठी. का?"

"नाही. सहज."

"सहज कुणी असा चेहरा करत नाही. काय लिहिलंय?"

"काही नाही, आंटी. जाऊ दे."

"अगं बोल की! माझ्या घरात गप्प बसायचा मान कुणालाच नाही."

हिनानं विनयाकडे पाहिलं, मदत मागावी तसं. विनया पुढे आली, सासूकडे एकदा बघून तिनं पाटाजवळ गुडघे टेकले, हात मागे धरले आणि वाचलं. तिनं पुन्हा वाचलं.

"आई," ती हळू म्हणाली, "हे... मयताच्या गाडीच्या घोड्यांचं आहे. प्रेत नेतात ना तिकडे, घोड्यांच्या गाडीतून. त्या घोड्यांना हा तुरा. पिसं काळी, असं लिहिलंय. झूल पण काळी."

आत चहा उतू गेला. त्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

पहिल्यांदा हसला तो विलास. आधी नाकातून, मग पोट धरून. "आप्पा!" तो म्हणाला. "अहो आप्पा! आख्ख्या तालुक्याच्या नवरदेवांना प्रेताच्या गाडीला जुंपलंत!" मग त्याचं हसू कडवट झालं. "आता तरी पटलं, आई? आपल्याला कधीच माहीत नव्हतं आपल्या घरात काय आहे. नुसती चित्रं बघून, कुंकू फासून... ज्याला वाचता येतं त्याच्याकडे जाऊ दे ती पुस्तकं. अपशकुन आहे तो, अपशकुन!"

हंसाबाईला लाज फारशी ठाऊक नव्हती. तिनं ती आयुष्यभर दुसऱ्यांना वाटली होती. पण हे लागलं. आप्पांच्या शेजारी बसून तिनं स्वतः त्या तुऱ्याची पिसं बांधली होती, विलास लहान असताना त्याला मांडीवर घेऊन. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

"अपशकुन?" ती म्हणाली. "किती लग्नं लागली त्या तुऱ्याखाली? एक मोडलेलं दाखव."

"माझं मोडलं," परेश दारातून म्हणाला.

परेश आपल्या लग्नाबद्दल कधीच बोलत नसे. विनयानं तोंडावर पदर धरला. विलासचंही तोंड उघडं राहिलं.

हंसाबाईनं धाकट्या लेकाकडे टक लावून पाहिलं. "तुझं?" ती म्हणाली. "तुझ्या वरातीला तुरा होता कुठे? मी बोंबलून मेले घोडीवर बस, घोडीवर बस. तुला मारुती व्हॅन पाहिजे होती. फुगे लावलेली. जा, त्या व्हॅनवाल्याला विचार अपशकुन कसला ते."

मग परेशच्या तोंडातून असा आवाज निघाला की हसू की रडू ते कळेना, आणि मग कळलं. तो चौकटीला धरून हसत होता. बस्त्याव हसायला लागला, हिनानं ओढणी तोंडात कोंबली, विनया तर भिंतीकडे तोंड करून थरथरत होती. गेल्या कित्येक महिन्यांत त्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. विलास तेवढा हसत नव्हता.

बस्त्यावनं डोळे पुसले आणि मग तोच गंभीर झाला. "हंसाबाय, मी काय म्हनतो. घोडीला काय इंग्रजी येत नाय. मला पन येत नाय. मला चालंल. पन लोकांना कळलं म्हंजे? नवऱ्याची आई असते, मावशी असते. कोनी बोललं, मयताचा तुरा हाय, तर मग माज्या घोडीला कोन बोलवंल? मी टांगा विकलाय, बाय. मागं फिरायला वाट नाय."

"कोणाला कळतंय?" परेश म्हणाला.

"कळणारच," विलास म्हणाला. "अशा गोष्टी लपत नाहीत."

विनया वळली. "कळवणार कोण? तुम्ही?"

"मी कशाला..."

"मग कोण? मी तर सांगणार नाही. या हिनाताई मुंबईला जातील. परेश भावजी आईंच्या घरात राहतात. उरलं कोण?" ती विलासच्या समोर येऊन उभी राहिली. "आईंना आचोळ्याला न्यायचं तर हात धरून न्या. पायाखालची फळी काढून नका नेऊ. तसल्या आई मला घरात नकोत. तशा आल्या तर त्या आईच नसतील."

हंसाबाईनं सुनेकडे पाहिलं. या मुलीला आपण बावीस वर्षांत पुस्तकाला शिवू दिलं नाही, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो बाजूला सारला. आत्ता त्याला वेळ नव्हता. आत्ता एकच गोष्ट करायची होती. लपवलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात सुरी होते. ती आपणच आधी उचलावी.

ती गुडघ्यावर हात रेटून उठली. विलास आधार द्यायला पुढे झाला. तिनं त्याचा हात बाजूला केला आणि ओट्यावर गेली.

दसऱ्याचा बाजार भरला होता. भवानीशंकराच्या देवळाच्या वाटेवर झेंडूचे ढीग, आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या. ओट्याखालीच निर्मळची क्लेमेंटीन केळी आणि फुलं घेऊन बसली होती, तिच्यापुढे बायकांचा घोळका भाव पाडत होता. बस्त्यावची घोडी, लिली, तिच्या पाटीतलं एक फूल चोरून खात होती.

"अगं ए!" हंसाबाई ओरडली. दुकानातली हाक होती ती, रस्त्यापलीकडच्या टांग्याला थांबवणारी. घोळका वळला. "ऐका गं सगळ्याजणी. मागाहून कुणी येऊन कानात सांगेल, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. आमचा चौदा नंबरचा तुरा आहे ना, लाल, वरातीचा? तो इंग्रज लोक मयताच्या घोड्यांना लावायचे. आम्हाला ठाऊक नव्हतं. आज कळलं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, मला येत नाही. आता ज्याला लावायचा त्यानं लावा, ज्याला नाही त्यानं व्हॅन करा."

मागे विलास हळूच "आई, आत ये" म्हणत होता.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एका म्हातारीनं केळ्याची फणी खाली ठेवली. "म्हणजे आमच्या ह्यांच्या वरातीत होता तोच?"

"तोच."

"मयताचा?"

"मयताचा."

म्हातारीनं विचार केला. "चाळीस वर्षं झाली तरी मेला घोरतोय अजून. लागू पडलेला दिसत नाही."

घोळक्यात खसखस पिकली. पण एकीनं, विरारच्या बाजूची असावी, तोंड वाकडं केलं. "काही म्हणा, बाई, बरं नव्हे ते. लग्नाला मरणाची वस्तू."

तेव्हा क्लेमेंटीननं हातातला झेंडू पाटीत टाकला. "का बरं नव्हे? आमच्यात लग्न पन त्याच देवळात, मयत पन त्याच देवळात. तेच फादर, तीच घंटा, त्याच बाकावर बसायचं. मग आम्ही काय लग्न करायचं सोडलं? माज्या जोएलचं लगीन हाय जानेवारीत. नवरा घोडीवरून देवळापतूर नेयाचा हाय. बस्त्याव, ए बस्त्याव! तुजी लिली मला देशील?"

बस्त्याव दारात उभा होता. त्यानं नुसती मान हलवली, मग जोरजोरात हलवली.

"तुऱ्यासकट," क्लेमेंटीन म्हणाली. "लाल. काळा आनलास तर बघ."

हंसाबाई आत वळली. चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हतं. तिला धाप लागली होती. परेशनं तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"दादा," परेश म्हणाला, "माझा वाटा विकायचा नाही."

"आणि तुझा बूथ?"

"ओट्याच्या कोपऱ्यात बसेल. फोनला काय, खुंटीएवढी जागा लागते." त्यानं आईकडे पाहिलं नाही. "बोलायचं तर तिच्या आवाजावर आवाज चढवावा लागेल लोकांना, एवढंच."

विलास हिनाकडे वळून म्हणाला, "सॉरी. तुम्हाला उगाच त्रास झाला."

"त्रास कसला, सर." हिनानं झोळी खांद्याला लावली. "आंटी, दसऱ्यानंतर येऊन फोटो काढले तर चालतील? हात लावणार नाही. पानं तुम्हीच उलटायची."

"मी कशाला?" हंसाबाई म्हणाली. "ती उलटेल." तिनं हनुवटीनं विनयाकडे खूण केली. "तिला वाचता पण येतं. उलटता उलटता सगळं वाचून सांग गं मला. आणखी कुठे कुठे आम्ही काय करून ठेवलंय ते कळू दे एकदा. आणि त्या हिनाला चहा दे. पहिला उतू गेला तो माझ्या लेकापायी."

विनया चहा टाकायला गेली, पण जाताना उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि तिनं पाटाकडे वळून बघितलं, आपलं काहीतरी तिथं मांडून ठेवलेलं असावं तसं.

"मला अजून वाटतं, ती विकावीत," विलास म्हणाला.

"वाटू दे. वाटायला मी कधी बंदी केली?"

"आणि तू आचोळ्याला यावंस."

"येईन की. लग्नसराई संपू दे. चार दिवस येईन, समोरची बिल्डिंग बघेन, पाचव्या दिवशी परेश न्यायला येईल." तिनं खुंटीवरची सुतळी काढली. "रापी-आरीला आज हात लावायचा नाही. सुतळी काही पाटावर नाही. चल, घोडीचं माप घ्यायचंय. तोंड धर तिचं."

"मी?"

"मग काय क्लबातल्या लोकांना बोलावू? लहान होतास तेव्हा धरायचास. नीट धर, ऑफिसातली फाईल नाही ती."

विलासनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बस्त्यावनं लगाम त्याच्या हातात दिला. लिलीनं त्याच्या खिशाचा वास घेतला, पेढ्यांचा असेल, आणि मान शांत सोडली. हंसाबाईनं सुतळी तिच्या कपाळावरून नेली, कानामागे नेली, गाठ मारली. मग तुऱ्याची उंची धरायला हात वर केला. हात पोचेना. तिनं टाचा उचलल्या, गुडघ्यानं नको म्हटलं.

विलासनं लगाम डाव्या हातात घेतला, उजव्यानं सुतळीचं टोक पकडलं आणि वर नेलं.

"एवढं?"

हंसाबाई दोन पावलं मागे सरली. रस्त्यावरच्या बायकाही बघत होत्या.

"काय रे बस्त्याव? केवढा ठेवायचा?"

बस्त्यावनं डोक्यावर टोपी घातली. "अजून वर घ्या, विलासदादा," तो म्हणाला. "पार निर्मळच्या नाक्यावरून दिसला पायजे."

"ऐकलंस ना?" हंसाबाई म्हणाली. "घे वर."

विलासनं हात आणखी वर नेला.